कॅम्पचं बुकिंग आणि 'आय ॲग्री'ची टिक

परीक्षा संपली की हॉस्टेलमध्ये पवना लेकचे बेत सुरू होतात. तंबू, बार्बेक्यू, गिटार सगळं ठरतं आणि मग ग्रुपवर मेसेज येतो, "आधारचे फोटो टाका, बुकिंग करायचंय." दहा मिनिटांत वीस जणांची आधार कार्डं एकाच्या मोबाईलमध्ये आणि तिथून कॅम्पवाल्याकडे! पुढे त्यांचं काय होतं, हे ज्या पानावर लिहिलेलं असायला हवं, ते वेबसाईटच्या अगदी तळाशी असतं. ते आपण कधी उघडतच नाही. म्हणून त्यात काय बघावं, याची ही थोडी माहिती.

पहिलं म्हणजे समोरचा माणूस कोण? २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाईन धंदा करणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क ठळकपणे द्यावा लागतो. नुसता मोबाईल नंबर आणि तंबूंचे सुंदर फोटो असतील, तर ॲडव्हान्स बुडाल्यावर कोणाला धरणार?

दुसरं म्हणजे आपली माहिती. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. कोणती माहिती घेतो आणि कशासाठी, हे या कायद्यानुसार आधी सांगावं लागतं, आणि ते मराठीतही वाचायला मिळण्याची सोय हवी. संमती गरजेपुरतीच धरली जाते. कायद्यातलंच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट्स मागितले आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी त्या 'हो'ला अर्थ नाही, कारण सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत. तसंच कॅम्पचं. बुकिंगसाठी दिलेला नंबर म्हणजे वर्षभर जाहिरातींचे मेसेज पाठवायची परवानगी नव्हे. दिलेली संमती परत घेणंही देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. १८ पूर्ण नसलेल्यांसाठी पालकांची संमती लागते. आपल्या फर्स्ट इयरच्या काही जणांनी हे लक्षात ठेवावं. माहिती नीट सांभाळली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

पण मित्रांनो, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. संमती ज्याची त्याची असते. बुकिंग करणारा मित्र वीस जणांच्या वतीने टिक करतो, तेव्हा उरलेल्या एकोणीस जणांना कोणी विचारलेलं असतं का? एखाद्या मैत्रिणीला आपला नंबर अनोळखी माणसाकडे जायला नको असेल, तर? आणि मित्राच्या मोबाईलमध्ये साठलेल्या त्या फोटोंना हा कायदा लागू होत नाही. घरगुती, वैयक्तिक वापर त्यातून वगळला आहे. तिथे फक्त आपली समज कामाला येते.

तेव्हा ओळखपत्र नुसतं दाखवून चालेल का, हे आधी विचारा. कॉपी द्यावीच लागली तर 'मास्क्ड आधार' द्या. ते युआयडीएआयच्या साईटवर मिळतं आणि त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. संपर्कासाठी एकाचाच नंबर द्या. आणि ट्रिपहून आल्यावर ग्रुपवरचे आणि गॅलरीतले सगळ्यांचे आधार डिलीट करा. मित्रांनी विश्वासाने दिलेली वस्तू काम झाल्यावर आपण परत करतोच ना!