इन्सुलिन विपुल, तरी साखर रक्तातच का?

मधुमेह नुकताच आढळलेल्या रुग्णास, 'तुमच्या शरीरात इन्सुलिन कमी नाही, कदाचित अधिकच आहे,' असे सांगितले म्हणजे तो बुचकळ्यात पडतो. आणि ते रास्तच आहे, कारण संप्रेरक रक्तात असणे आणि त्याचे कार्य सिद्धीस जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यास सहसा कोणी उलगडून सांगितलेले नसते.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे, दोन साखळ्यांचे प्रथिन आहे. त्यामुळे पोटात गेल्यास ते अन्नासारखे पचून जाते, सबब बहुधा टोचूनच घ्यावे लागते. आणि त्याच कारणाने त्यास पेशीचे स्निग्ध पटल ओलांडून आत शिरता येत नाही. हुकूम घेऊन आलेल्या जासुदाने वेशीवरच थांबावे आणि अंमलबजावणी आतल्या कारकुनांनी करावी, तसा हा कारभार आहे. पटलात रोवलेल्या ग्राही-प्रथिनाचे दोन भाग बाहेर असतात, दोन पटल भेदून आत गेलेले असतात. इन्सुलिन बाहेरच्या भागांस बिलगताच साऱ्या ग्राहीचा आकार पालटतो, आतले दोन्ही भाग निकट येऊन परस्परांवर फॉस्फेट चढवतात, आणि तेथून प्रथिनामागून प्रथिन जागृत होत अखेरीस स्नायू व मेदपेशींच्या आत राखून ठेवलेले ग्लुकोजवाहक पृष्ठभागावर येतात. तेव्हा कोठे साखर आत शिरते.

इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी लंडनमध्ये १९३६ सालीच दाखवले होते. दुसऱ्या प्रकारात मुख्य बिघाड बहुधा बिलगण्यात नसून त्यापुढच्या साखळीत असतो. यकृतात व स्नायूंत साचलेला मेद ती मंदावतो, आणि रक्तात इन्सुलिन सतत वाढलेले राहिले तर पेशी आपले ग्राहीही आत ओढून घेतात. अंगाने सडपातळ असलेल्यांनी निर्धास्त राहू नये: आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या देहातही मेदाचे प्रमाण पुष्कळ असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वारंवार निदर्शनास आणले आहे.

परंतु निसर्गाने एक दुसरी वाटही ठेवली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते: स्नायू आकुंचन पावू लागला की तेच ग्लुकोजवाहक इन्सुलिनच्या संदेशावाचूनही पृष्ठभागावर येतात. म्हणून जेवणानंतरचे चालणे हे औषधच समजावे; मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि ज्यांचे स्वादुपिंड इन्सुलिन निर्माणच करीत नाही, अशा पहिल्या प्रकारच्या रुग्णांनी कोणत्याही काढ्याच्या वा चूर्णाच्या भरवशावर आपले इंजेक्शन एक दिवसही बंद करू नये.