छाटकलमाने घरच्या घरी रोपे

भूगावच्या परसात जास्वंद, डाळिंब किंवा अंजीर लावावयाचे असल्यास रोप विकत आणण्याची आवश्यकता नाही. छाटकलमाने ते घरीच करता येते. शिवाय छाटेपासून मूळ झाडाचेच गुण येतात, बियांच्या रोपाविषयी तशी शाश्वती नसते. मात्र तेल्या रोगाचे डाग असलेल्या डाळिंबाची छाट मुळीच घेऊ नये; रोग रोपाबरोबर येतो.

शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी घ्यावी. बुडाशी काप सरळ व शेंड्याशी तिरपा द्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. पाने काढून दोन डोळे मातीत पुरावेत. मुळशीचा पाऊस पाहता कुंडीतील मातीत निम्मी वाळू मिसळावी आणि कुंडी पडवीत ठेवावी. साचलेल्या पाण्याने बुडखा कुजतो.

खरी फसगत याच्यापुढे होते. दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटते आणि छाट लागली असे समजून ती उपटून जमिनीत लावली जाते. वास्तविक ही पालवी फांदीत साठविलेल्या अन्नावर आलेली असते. मुळ्या बहुधा फुटलेल्याच नसतात. हाताने ओढून पाहण्याचा मोहही आवरावा. कुंडीच्या तळच्या छिद्रातून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्यावरच, मातीच्या गोळ्यासह, सायंकाळी रोप हलवावे.