मोबाईलवरील खेळ आणि मुलांची अक्षरओळख

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळाने आम्हांस आज्ञा केली. त्याच सुमारास, महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मुलांच्या बालवर्गास टॅब भेट द्यावेत, अशी सूचना काही सभासदांनी केल्याचे आमच्या कानांवर आले. सूचनेमागील हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. परंतु तीवर मत देण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार व्हावयास हवा. लहान मूल मोबाईलशी किंवा टॅबशी खेळते, तेव्हा ते वाचनलेखनाच्या जवळ जाते की दूर? आणि आपणां बडोदेकर मराठी माणसांपुरते बोलावयाचे, तर ते कोणत्या लिपीच्या जवळ जाते?

आमची एक चूक

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद पडलेल्या शाळा पुढे उघडल्या, तेव्हाची गोष्ट. आमच्या पहिलीच्या वर्गात एका मराठी घरातील मुलगा आला. शाळेचे माध्यम गुजराती, घरची भाषा मराठी. पाटीवर अक्षर काढून विचारले की तो खाली मान घालून गप्प बसे. दोन महिने वाट पाहून आम्ही त्याच्या आईस बोलाविले आणि मोबाईलच्या दुष्परिणामांवर त्यांना एक लहानसे व्याख्यानच दिले. बाईंनी ते मुकाट्याने ऐकले आणि मग म्हणाल्या, "सर, तो मोबाईलवर हवं ते गाणं स्वतः शोधतो. त्याला वाचता येतं, असंच आम्ही समजत होतो."

आम्ही त्यांचाच मोबाईल मुलाच्या हाती दिला. वर्गात तोंड न उघडणाऱ्या त्या मुलाने मोबाईलला मराठीत हुकूम सोडला, समोर आलेल्या यादीतून नेमके गाणे निवडले आणि त्यातील अस्वलाची सगळी हकीकत आम्हांस सांगितली. त्याच्याजवळ एवढी भाषा आहे, हे दोन महिन्यांत आम्हांस कळले नव्हते; कारण आम्ही ते कधी विचारलेच नव्हते. शाळेस जे दिसत नाही ते मुलाजवळ नाहीच, असे आम्ही धरून चाललो होतो.

नंतर आम्ही एक केले. कागदाच्या पट्टीने यादीतील चित्रे झाकली आणि गाण्यांची नावे तेवढी उघडी ठेवली. "आता तेच गाणं दाखव बरं." मुलाने एकदा आमच्याकडे, एकदा आईकडे पाहिले. त्याला एकही नाव ओळखता आले नाही.

मोबाईलने मूल मंद झाले, हे आमचे मत जसे चुकीचे होते, तसेच मोबाईलने मूल वाचावयास शिकले, हे आईचे मतही चुकीचे ठरले. मूल चित्रे ओळखत होते. शब्द त्याच्या डोळ्यांसमोर रोज शंभर वेळा येऊन गेले होते; परंतु त्यांवर बोट ठेवून "हे पाहा, इथं काय लिहिलंय" असे म्हणणारे कोणी शेजारी नव्हते.

वाचनाचा आरंभ कोठे होतो

मूल अक्षरे गिरवू लागले म्हणजे साक्षरतेस आरंभ झाला, अशी जुनी समजूत आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले ह्या विदुषीने १९६६ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, हा आरंभ त्याच्या पुष्कळ आधी होतो. पुस्तक उलटे धरून वाचल्याचे सोंग करणारे मूल, कागदावर रेघोट्या ओढून "मी पत्र लिहिलं" म्हणणारे मूल, ही दोन्ही वाचनलेखनाच्या वाटेवरच असतात. आजचे मूल आईच्या मोबाईलवर वाटेल ती बटणे दाबून "मामाला मेसेज केला" असे म्हणते, तेव्हा तेही त्याच वाटेवर असते. त्यास धपाटा न घालता "काय लिहिलंस, वाचून दाखव पाहू" असे विचारावे.

खेळातून शिक्षण हा विचार आपल्या प्रांतास नवा नाही. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक ह्या महाराष्ट्रकन्येने तेथेच त्यांच्यासमवेत काम केले आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य उभारले. त्यांच्या बालशिक्षणात साधने होती, तशी त्यांजवळ बसून मुलाकडे लक्ष देणारी माणसेही होती. साधन बदलले म्हणून माणसाची गरज सरत नाही.

अभ्यासकांचे तीन निष्कर्ष

हे आमचे केवळ मत आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून तीन प्रयोगांची हकीकत देतो.

पहिला प्रयोग पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेत केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविण्यात आली. काहींजवळ चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली. काहींना तीच भाषा पडद्यावरून ऐकविली. पहिली बालके त्या भाषेतील ध्वनींचा भेद ओळखू लागली. पडद्यासमोरच्या बालकांना तो साधला नाही.

दुसरा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवावयाची होती. समोर बसलेल्या माणसाकडून मुले ती शिकली. व्हिडिओ कॉलवर, मुलाच्या बोलण्यास लागलीच उत्तर देणाऱ्या माणसाकडूनही शिकली. मात्र आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीतून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. फरक पडला तो मुलाकडे पाहून त्याला उत्तर देणारे माणूस होते की नव्हते, ह्यामुळे. परगावच्या आजीने व्हिडिओ कॉलवर सांगितलेली गोष्ट आणि आपोआप एकामागून एक चालणारी गाणी ह्यांस म्हणूनच एका मापाने मोजू नये.

तिसरा प्रयोग फ्रान्समधील, २००५ सालचा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींनी अक्षरे हाताने लिहून, तर काहींनी कळफलकावर दाबून शिकली. त्यांतील मोठ्या मुलांमध्ये, हाताने लिहिणारांची अक्षरओळख अधिक पक्की निघाली. अक्षराचे वळण बोटांत उतरले म्हणजे ते डोळ्यांसही लवकर पटते.

आम्ही स्वतः अरबी कायदा शिकलो तो दादीच्या मांडीजवळ बसून. ती काडीने एकेक अक्षर दाखवी, आम्ही मोठ्याने म्हणत असू. चुकले की काडी जागची हलत नसे. पुस्तक तेच होते, पण ते एकट्याने उघडून आम्हांस एक अक्षरही आले नसते. वरील प्रयोग वाचताना आम्हांस त्या काडीची आठवण झाली.

आपल्या लिपीचा प्रश्न

आता बडोदेकरांच्या विशेष अडचणीकडे वळू. आपली मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. गुजराती व देवनागरी लिपी बहिणी-बहिणी आहेत. ग, न, म, र, त, प ही अक्षरे शिरोरेघ वगळता जवळजवळ सारखीच आहेत. क, ज, झ, अ, इ, भ ही मात्र निराळी. म्हणजे गुजराती येणाऱ्या मुलास मराठी वाचावयास शिकविणे हे अर्ध्याहून सोपे काम आहे. तरीही ते बहुतेक घरांत होत नाही.

मोबाईलने ह्या दुर्लक्षास हातभार लावला आहे. घरच्या मंडळींच्या गटावर आपण मराठीत बोलतो, पण लिहितो रोमन अक्षरांत. मूल मोबाईलशी मराठीत बोलते आणि मोबाईल ते ऐकून काम करतो. त्यामुळे वाचण्याची गरजच त्यास भासत नाही. मराठी ही कानाची आणि तोंडाची भाषा उरते, डोळ्यांची आणि हाताची राहत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांची पत्रे जपून ठेवलेली आहेत. ती फेकून कोणी देणार नाही, पण आणखी वीस वर्षांनी ती वाचील कोण, हा प्रश्न आहे.

उपायही मोबाईलमध्येच आहे. मराठी कळफलक बहुतेक सर्व मोबाईलमध्ये विनामूल्य मिळतो. वर सांगितलेल्या मुलाच्या आजीस आम्ही एवढेच सुचविले की, रोज संध्याकाळी नातवाच्या आईच्या मोबाईलवर देवनागरीत दोन शब्दांचा निरोप धाडावा: "आंबा आणला", "उद्या ये". चित्र नाही, ध्वनी नाही. आईने शब्दाखाली बोट ठेवून मुलाबरोबर तो वाचावा. उत्तर मुलाने कागदावर लिहावे आणि त्याचा फोटो आजीस पाठवावा. पहिल्या आठवड्यात उत्तर म्हणजे नुसत्या रेघोट्या होत्या. आजीबाईंनी त्या रेघोट्यांनाही उत्तरे दिली, ही त्यांची थोरवी. वर्ष संपताना मुलगा गुजरातीतील सोपी वाक्ये वाचू लागला होता, आणि घरातील सर्वांची नावे देवनागरीत लिहीत होता. चमत्कार झाला नाही. जे त्या वयात व्हावयास हवे ते झाले.

पालकांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बालकांस पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाला एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर उत्तमच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील बालकांसाठी फक्त व्हिडिओ कॉलचा अपवाद मान्य केला. ह्या मर्यादेत राहून चार गोष्टी कराव्यात, असे आम्हांस वाटते.

एक, मूल मोबाईलवर खेळत असता निदान काही वेळ शेजारी बसावे आणि प्रश्न विचारावेत. दोन, आठवड्यातून एकदा चित्र झाकून नाव ओळखावयास सांगावे. ती परीक्षा म्हणून नव्हे, गंमत म्हणून. तीन, पडद्यावर पाहिलेले कागदावर, वाळूत, पिठाच्या ताटात आणावे. अस्वल पाहिले तर अस्वल काढावे आणि खाली "अस्वल" असे लिहावे. चार, जेवताना आणि निजताना मोबाईल दूर ठेवावा. स्वयंपाक, नोकरी, घरकाम ह्यांत आईबापांस वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. आम्हीही आमच्या मुलांस कामाच्या वेळी मोबाईल देऊन गप्प बसविले आहे. म्हणून तासभर नको, दहा मिनिटे द्यावीत. पण ती रोज द्यावीत.

शाळेकडेही दोष आहे. देशाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' योजना हाती घेऊन तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचनलेखन व अंकज्ञान यावे असा संकल्प केला. तो पुरा करावयाचा तर प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने पालकांस विचारले पाहिजे: मूल घरी कोणत्या भाषेत बोलते, काय खेळते, त्याच्याबरोबर कोण बसते? आम्ही आता हे तीन प्रश्न विचारतो. ते आधी विचारले असते, तर एका मातेस विनाकारण उपदेश ऐकावा लागला नसता.

विश्वस्तांस विनंती

टॅब देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आधी माणसांची सोय व्हावी. आपल्या न्यासाच्या सभागृहात रविवारी सकाळी एक तास मराठी वाचनाचा ठेवावा. थोडी चित्रांची पुस्तके, पाट्या, आणि निवृत्त झालेली पाच-सहा वडीलधारी मंडळी एवढे पुरे. त्यांच्या हाती एक टॅब दिला तरी तो उपयोगी पडेल. त्यांच्यावाचून पन्नास दिले तर ती पन्नास गप्प मुले होतील.

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानास लागू केला. प्रजेतील प्रत्येक मुलास अक्षर यावे, ही त्यांची तळमळ होती. त्याच नगरीत राहून आपल्या नातवंडांस आपलेच अक्षर येऊ नये, हे आपणांस शोभणारे नाही. रविवारच्या त्या तासासाठी आम्ही आमचे नाव आजच देऊन ठेवतो.