पैसे पोचल्याची पावती : इंटरनेटवरील दुकानाला पेमेंट गेटवे जोडताना

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वार्षिक अंकासाठी साहित्य मागविल्याची सूचना फळ्यावर लागली, तेव्हा काय लिहावे असा प्रश्न मला पडला. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावे, तर गावापासून कॉलेजपर्यंतच्या एस. टी.च्या बावीस किलोमीटरपलीकडे माझा प्रवास नाही. शेवटी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनीच विषय सुचविला. ते म्हणाले, "सुट्टीत तू आईच्या बचत गटासाठी जे केलेस तेच लिही. निदान चारजणांच्या उपयोगी तरी पडेल." म्हणून हा लेखनप्रपंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे लेखात काही उणे राहिले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझी आई माण तालुक्यातील आमच्या गावच्या बचत गटात आहे. गटातील बायका शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुरडया आणि बाजरीच्या खारोड्या करतात. माल चांगला असतो, पण विक्री जत्रेत आणि प्रदर्शनात व्हायची. वर्षाचे उरलेले महिने डबे भरलेलेच राहायचे. पुण्या-मुंबईला गेलेली आमच्याकडची माणसे फोनवर माल मागत. मात्र पैसे कोणी पाठविले, किती पाठविले आणि कोणत्या मालाचे पाठविले याचा मेळ लागत नसे. तेव्हा इंटरनेटवर गटाचे छोटे दुकान काढावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

दुकान मांडणे तसे सोपे गेले. वर्डप्रेस नावाचा प्रोग्रॅम २००३ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. त्यावर दुकान चालविण्यासाठी वूकॉमर्स हा जोडप्रोग्रॅम २०११ मध्ये निघाला. अशा जोडप्रोग्रॅमला प्लगिन म्हणतात. शिवणयंत्र तेच ठेवून त्याला काज करण्याची वेगळी जोडणी बसवावी, तसाच हा प्रकार. मालाचे फोटो, वजन आणि किंमत भरली की दुकान उभे राहते. खरी कसोटी गल्ल्याची असते, आणि या गल्ल्यालाच पेमेंट गेटवे म्हणतात.

गेटवे म्हणजे काय?

गिऱ्हाईक पैसे देते आणि ते आपल्या बँकेत जमा होतात. या दोहोंमध्ये गिऱ्हाइकाची बँक, आपली बँक आणि कार्डाचे किंवा यूपीआयचे जाळे असे अनेकजण असतात. यूपीआयची सुरुवात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये केली. एका छोट्या दुकानदाराने या साऱ्यांशी स्वतंत्र करार करणे शक्य नाही. म्हणून मधली कंपनी ते काम करते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत यासंबंधी एक महत्त्वाचा फरक केला. जी केवळ तांत्रिक मार्ग पुरविते आणि पैशाला हात लावीत नाही ती संस्था गेटवे. जी दुकानदाराच्या वतीने पैसे गोळा करून त्याला देते ती ॲग्रिगेटर. बोलताना आपण दोघींनाही गेटवेच म्हणतो. पण गटासाठी कंपनी निवडताना तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे की नाही, हे आधी पाहावे. पैसा दुसऱ्याच्या हातून आपल्याकडे यायचा आहे, हे विसरून चालत नाही.

कागदपत्रे आणि चाचणी

पहिली पायरी खाते उघडण्याची. त्यासाठी पॅन कार्ड, बँक खाते आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे लागतात. आमचा माल खाण्याचा असल्याने अन्नसुरक्षा खात्याची नोंदणीही मागितली गेली. दुकानाच्या पानांवर पत्ता, माल पोचविण्याचे नियम, पैसे परत करण्याचे नियम आणि गिऱ्हाइकाच्या माहितीच्या गोपनीयतेविषयीचे निवेदन असावे लागते. पैसे परत करण्याचा नियम लिहिताना गटात बरीच चर्चा झाली. डबा फुटून पोचला तर पैसे परत द्यायचे हे सर्वांनी मान्य केले. चव आवडली नाही म्हणून परत द्यायचे नाहीत, असे अध्यक्ष काकूंनी ठणकावून सांगितले. तसेच लिहिले.

दुसरी पायरी प्लगिन बसविण्याची. वर्डप्रेसच्या प्लगिन विभागात जाऊन आपल्या गेटवे कंपनीचे प्लगिन शोधावे, बसवावे आणि चालू करावे. नंतर वूकॉमर्सच्या सेटिंग्जमधील पेमेंट्स या भागात त्याचे नाव दिसते. तेथे दोन किल्ल्या भराव्या लागतात. एक ओळख-किल्ली आणि दुसरी गुप्त किल्ली. ओळख-किल्ली दारावरच्या पाटीसारखी असते, ती इतरांना दिसली तरी चालते. गुप्त किल्ली म्हणजे तिजोरीची किल्ली. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये आणि तिचा फोटोही काढून ठेवू नये. दुकानाचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत असल्याचीही खात्री करावी. तसे नसेल, तर गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यामधली माहिती वाटेत कोणीही वाचू शकते.

किल्ल्यांच्या जोड्याही दोन मिळतात, एक चाचणीची आणि एक खऱ्या व्यवहाराची. चाचणीच्या जोडीने केलेल्या व्यवहारात खरा पैसा हलत नाही. कंपनी त्यासाठी खोटे कार्ड क्रमांक देते. नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी. मी ४८० रुपयांची चाचणी ऑर्डर दिली आणि नोंदवहीत ४८००० हा आकडा पाहून घाबरून गेले. नंतर कळले, की माझ्या गेटवेकडे रक्कम पैशांत पाठविली जाते. ४८० गुणिले १०० म्हणजे ४८०००. दशांशचिन्हाचे घोटाळे टाळण्यासाठी ही रीत आहे. तयार प्लगिन हा गुणाकार स्वतःच करते. ज्याला स्वतः प्रोग्रॅम लिहायचा असेल त्याने मात्र हे लक्षात ठेवावे. नाहीतर पाचशेची चटणी पाच रुपयांना जाईल.

कार्डाच्या व्यवहारात आणखी एक भेद समजून घ्यावा. बँकेने रकमेला मंजुरी देणे ही एक अवस्था, आणि दुकानदाराने ती रक्कम प्रत्यक्ष उचलणे ही दुसरी. मंजूर रक्कम मुदतीत उचलली नाही, तर ती गिऱ्हाइकाला परत जाते. आमच्यासारख्या छोट्या दुकानाने मंजुरीबरोबरच रक्कम उचलण्याचा पर्याय निवडावा, हे बरे. आणि गिऱ्हाइकाचा कार्ड क्रमांक आपल्याकडे लिहून ठेवण्याचा मोह कधीही धरू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे यांच्याखेरीज कोणालाही तो साठविता येत नाही.

आमची चूक

माझ्या चाचण्या साऱ्या यशस्वी झाल्या. खऱ्या किल्ल्या घातल्या. पहिल्या आठ दिवसांत चार ऑर्डरी आल्या आणि व्यवस्थित पोचल्या. नवव्या दिवशी संध्याकाळी नाशिकहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी ४८० रुपये यूपीआयने भरले होते आणि त्यांच्या खात्यातून पैसे गेले होते. मात्र आमच्या दुकानाकडून त्यांना ऑर्डर रद्द झाल्याचा निरोप मिळाला होता. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, हे दुकान खरे आहे ना?"

तो प्रश्न आईच्या जिव्हारी लागला. गटातल्या बायकांनी पंधरा वर्षांत बँकेचा एक हप्ता चुकविलेला नाही. आई मला म्हणाली, "अगं, उधारी बुडाली तर चालेल. पण आपण कुणाला बुडवलं असं नाव नको." त्या रात्री माझे जेवणात लक्ष नव्हते.

दुकानाची नोंद पाहिली, तर ऑर्डरीपुढे आधी 'पैसे येणे बाकी' आणि नंतर 'रद्द' असे लिहिलेले. गेटवेच्या नोंदवहीत मात्र तीच रक्कम जमा झालेली होती. म्हणजे पैसे आले होते, पण आल्याचे दुकानाला कळलेच नव्हते.

कारण शोधले ते असे. गिऱ्हाईक मोबाइलवर आमच्या दुकानातून यूपीआयच्या ॲपमध्ये जाते, तेथे पिन घालते आणि परत दुकानाच्या पानावर येते. ते परत आले की त्याचा ब्राउझर दुकानाला सांगतो, "पैसे दिले." त्या बाईंनी पिन घातला, पैसे गेल्याचे पाहिले आणि मोबाइल बाजूला ठेवला. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. पण निरोप्या अर्ध्या वाटेतच थांबला. मालाच्या साठ्याचा हिशेब चालू असेल, तर वूकॉमर्स न भरलेली ऑर्डर काही काळ राखून ठेवते आणि मग रद्द करते. ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते. त्याप्रमाणे ऑर्डर रद्द झाली. चाचणीच्या वेळी मी दरवेळी पडद्यासमोर शेवटपर्यंत बसून होते. म्हणून हा दोष मला दिसलाच नाही.

वेबहुक

या अडचणीवर उपाय असतो, त्याला वेबहुक म्हणतात. मी तो 'नंतर बघू' म्हणून सोडून दिला होता. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरवर विसंबून न राहता गेटवेचा संगणक स्वतः आपल्या दुकानाच्या संगणकाला कळवितो, की अमुक ऑर्डरीचे पैसे जमा झाले.

आईला हे समजावून सांगताना मला आजोबांची आठवण झाली. आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणगावात कामाला होते. दरमहा ते घरी मनिऑर्डर करीत. पोस्टमन आजीच्या हातात पैसे ठेवी आणि पावतीवर तिचा अंगठा घेई. ती पावती पोस्टामार्फत मुंबईला परत जाई. ती हातात पडेपर्यंत आजोबांना चैन पडत नसे. गावाकडून येणाऱ्याने तोंडी सांगितले तरी ते म्हणत, "पावती येऊ दे." ब्राउझरचा निरोप हा तोंडी निरोप आहे आणि वेबहुक ही पोस्टाची पावती आहे, असे म्हटले की आईला सारे उमगले. आपल्याकडे पावती पैसे पाठविणाऱ्याला जाते, येथे ती दुकानदाराला मिळते, एवढाच फरक.

ही सोय करण्याची रीत अशी :

१. प्लगिनच्या सेटिंग्जमध्ये वेबहुकचा पत्ता दिलेला असतो. तो गेटवेच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात वेबहुक विभागात भरावा.

२. कोणत्या घटना कळवाव्यात ते निवडावे. निदान पैसे जमा होणे आणि व्यवहार फसणे या घटना असाव्यातच.

३. वेबहुकसाठी वेगळा गुप्त शब्द ठरवावा आणि तोच दोन्हीकडे भरावा. ही वरील गुप्त किल्ली नव्हे. दोहोंची गल्लत झाल्यास एकही पावती स्वीकारली जात नाही.

४. हा गुप्त शब्द वापरून गेटवे प्रत्येक निरोपावर गणिती सही करतो. दुकान ती सही ताडून पाहते. त्यामुळे कोणी खोटा निरोप पाठवून फुकट माल उकळू शकत नाही.

५. निरोप मिळाल्याचे उत्तर दुकानाकडून गेले नाही, तर गेटवे तो पुन्हा पाठवितो. म्हणून एकच निरोप दोनदा येऊ शकतो. दुसऱ्या निरोपाने माल दुसऱ्यांदा जाणार नाही, हे पाहावे.

सर्व झाल्यावर मी एक ऑर्डर दिली, पैसे भरताच मुद्दाम खिडकी बंद केली आणि वाट पाहिली. थोड्याच वेळात ऑर्डरीपुढे 'प्रोसेसिंग' हा शब्द उमटला. त्या दिवशी पहिल्यांदा मला आपले काम पुरे झाल्यासारखे वाटले.

नाशिकच्या बाईंना आम्ही दुसऱ्याच दिवशी चटणी पाठविली, सोबत आईने पावशेर खारोड्या घातल्या. पुढे त्यांच्याच ओळखीतून दोन ऑर्डरी आल्या. पैसे मध्येच कोठे अडकले, तर गिऱ्हाईकही असहाय नसते. खात्यातून रक्कम गेली पण दुकानाकडे निश्चिती पोचली नाही, अशा व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला. त्यानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत मिळावी, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी. दुकानदारानेही हे जाणून गिऱ्हाइकाला नीट सांगावे.

हिशेबाची बाजू

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट नोंदविते. ही सेवा फुकट नाही. आमच्या करारात कार्डाच्या व्यवहाराला २ टक्के आकार आहे आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ४८० रुपयांवर आकार ९ रुपये ६० पैसे, त्यावर कर १ रुपया ७३ पैसे, म्हणजे एकूण ११ रुपये ३३ पैसे. गटाच्या हाती ४६८ रुपये ६७ पैसे येतात. वर टपालखर्च आहेच. किंमत ठरविताना हे धरले नाही, तर बायकांची मजुरीच कापली जाते. वर्गात 'व्यवहारखर्च' हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला चटणीच्या डब्याने शिकविला.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी विकण्याजोगे काही ना काही तयार होत असेल. संगणकशास्त्र न शिकलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही हे काम जमते, एवढे मी अनुभवाने सांगते. मात्र सारे सुरळीत चालले असता काय होते, एवढेच पाहून थांबू नका. मध्येच खिडकी बंद केली तर काय होईल, तेही पाहा. आमच्या गटाची वही आता रोज रात्री दुकानाच्या नोंदीशी आणि गेटवेच्या नोंदीशी ताडली जाते. ते काम आई करते. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, आणि आजवर तिच्या हिशेबात एकही चूक निघालेली नाही.