पहिला नंबर कोणत्या गाण्याचा?

मंडळी, गुलमंडीवर दहा माणसांना विचारा, ‘सर्वांत चांगले गाणे कोणते?’ दहा उत्तरे येतील. मग एखादे गाणे ‘पहिल्या नंबरचे’ असे कसे ठरते? ते आज पाहू.

सन १९५२ ची गोष्ट. आपल्या संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. त्या काळी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी फारशी लागत नसत. म्हणून लोक ‘रेडिओ सिलोन’ लावीत. हे केंद्र कोलंबोचे. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. एवढ्या लांबून आवाज इथे कसा येई? रेडिओच्या लघुलहरी आकाशात उंच जातात आणि तिथून वळून पुन्हा जमिनीकडे येतात. त्यामुळे त्या समुद्रापार पोचतात, बरं का!

३ डिसेंबर १९५२ रोजी या केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी बोलत. पुढे त्यात गाण्यांना क्रम देऊ लागले. क्रमाला ते ‘पायदान’ म्हणत. पायदान म्हणजे पायरी. १९५३ सालच्या यादीत ‘अनारकली’ सिनेमातले लता मंगेशकरांचे गाणे पहिले आले. त्याची चाल सी. रामचंद्रांची. हे रामचंद्र चितळकर शेजारच्या नगर जिल्ह्यातले, पुणतांब्याचे.

आता मुख्य गोष्ट. क्रम कसा लावीत? दुकानांत कोणती तबकडी किती खपली, ते बघत. पण दुकानातल्या तबकड्याच संपल्या तर? खप थांबला, म्हणून गाणे नावडते झाले का? नाही. म्हणून श्रोत्यांची पत्रेही बघत. गावोगावी लोकांनी श्रोता संघ काढले होते. संघ पत्राने आपली आवड कळवी.

म्हणजे ज्याने तबकडी घेतली किंवा पत्र धाडले, त्याची आवड मोजली गेली. गाणे तर सर्वांनीच ऐकले. पण १९५१ च्या शिरगणतीत देशात शंभरांत फक्त अठरा जणांना लिहिता-वाचता येत होते. बाकीच्यांनी काय करावे? दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यावे. पण आपण सांगितले एक आणि कागदावर उतरले दुसरे, तर ते कळणार कसे?

गाण्याचे सोडा. रेशनचा अर्ज, पाण्याची तक्रार, ग्रामसभेतला ठराव, यांचेही असेच आहे. मनातले बोलणे कागदावर आले, म्हणजे ते मोजले जाते. आणि ते आपल्या हाताने आले, म्हणजे ते आपलेच राहते.

सांगा पाहू :
१. लोक रेडिओ सिलोन का लावीत?
२. नुसत्या खपावरून आवड का कळत नाही?

लिहा :
आवडीच्या गाण्याचे नाव आणि ते का आवडते, हे चार ओळींत लिहा. खाली स्वतःची सही करा. मग वर्गात सर्वांची पत्रे मोजा. तुमच्या वर्गाचा पहिला नंबर कोणत्या गाण्याचा?