मोटारसायकलीची आवरणे : काढणे आणि बसविणे

लोंढ्याहून खानापूर-बेळगावकडे अथवा रामनगर-अनमोडमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध, भाजी, शाळेची मुले, प्रसंगी आजारी माणूस, या साऱ्यांची ने-आण तिच्यावर होते. आपल्याकडील पावसाचे चार महिने म्हणजे तिची खरी परीक्षा. चाकांनी उडविलेला तांबडा चिखल फटीफटींतून आत शिरतो, आणि बॅटरी, फ्यूज किंवा हवा गाळणारा फिल्टर पाहण्यासाठी बाजूचे आवरण काढण्याची पाळी येते. हे काम लोक क्षुल्लक समजतात. 'गाडी जोडून झाली, चालूही झाली, आणि दोन स्क्रू उरले' हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे व त्याला हसलोही आहोत. परंतु ते दोन स्क्रू कारखान्यात कोणी हौसेने बसविलेले नव्हते. त्यांचे काम काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे.

यंत्र उघडून पाहण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान उघडले, आणि त्या लहानशा आरंभातूनच पुढे लोखंडी नांगर व १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीला आवरण असे फारसे नसते. तिचा प्रत्येक नट डोळ्यांसमोर असतो. मोटारसायकल आली तेव्हा तीही बरीचशी तशीच उघडी होती. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची पत्र्याची टाकी व पत्र्याचे डबे आठवतील. १९४६ साली इटलीत निघालेल्या व्हेस्पा स्कूटरने निराळी वाट धरली. तिचा रचनाकार दास्कानियो हा मूळचा विमानांचा अभियंता. त्याने पत्र्याच्या अंगालाच सांगाडा केले आणि इंजिन फुगीर आवरणाखाली झाकले. आपल्याकडील बजाजची चेतक ही त्याच वंशातली.

आजच्या गाडीत भार सांगाडा वाहतो आणि आवरणे बहुधा प्लास्टिकची असतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्लास्टिक उष्णतेने पोलादापेक्षा सुमारे सात पट अधिक प्रसरण पावते. अर्धा मीटर लांबीचे आवरण घ्या. पहाटेच्या गारव्यातून ते दुपारच्या उन्हात येऊन तीस अंशांनी तापले, तर ते सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. त्याच लांबीची पोलादी पट्टी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकीही वाढत नाही. म्हणजे सांगाडा जागच्या जागी आणि आवरण मात्र रोज लांब-आखूड होणार. दोन्ही टोके घट्ट आवळून टाकली तर ते कुठे तरी तडकणारच. आपल्या जंक्शनच्या गावातील मुलांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. जोडपट्ट्यांनी जोडलेल्या रुळांत दोन रुळांमध्ये फट ठेवतात, आणि रुळांची भोकेही बोल्टापेक्षा मोठी पाडतात, ती याच कारणाने.

मोटारसायकलीत ही सवलत रबराच्या कडीने साधलेली असते. आवरणाच्या भोकात रबरी कडी, कडीच्या आत धातूची लहान नळी, आणि नळीतून बोल्ट. बोल्ट आवळला की त्याचा दाब नळीवर येतो, रबरावर अथवा प्लास्टिकवर नव्हे. आवरण रबरात किंचित तरंगत राहते. इंजिनाची थरथरही रबर गिळते. बोटाच्या पेराहून लहान अशी ही नळी घाईत जमिनीवर पडते, घरंगळते आणि केरात जाते. तिच्यावाचून बोल्ट बसतो, आवळताही येतो, किंबहुना अधिकच आवळता येतो. रबर चेपते, प्लास्टिकवर ताण येतो, आणि काही महिन्यांत भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसू लागतात. मग दोष 'हलक्या मालाला' दिला जातो. माझ्या मते गाडीच्या सर्व सुट्या भागांत या नळीइतका उपेक्षित भाग दुसरा नाही.

आता बोल्टाकडे वळू. आवरणांसाठी पुष्कळदा एम ६ जातीचा बोल्ट वापरतात. म्हणजे त्याची जाडी ६ मिलिमीटर. त्याचे डोके बहुधा १० नंबरच्या पान्याने फिरते. त्याच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. विज्ञानाच्या पुस्तकात आपण उतरण शिकलो. बोल्टाचे आटे म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेली उतरणच होय. एका फेऱ्यात आट्यावरून सुमारे १७ मिलिमीटर वाट चालावी तेव्हा बोल्ट १ मिलिमीटर पुढे सरकतो. पान्याचा दांडा हातभर नसला तरी वीतभर असतो, त्यामुळे हाताचे बळ आणखी कित्येक पटींनी वाढते. त्यातील सुमारे नऊ दशांश बळ घर्षणात खर्च होते, आणि उरलेल्या एका हिश्शाने बोल्ट किंचित ताणला जाऊन जोड धरून ठेवतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते व तेवढ्याच जोराने बोल्ट फार अधिक ताणला जातो. म्हणून तेलकट बोल्ट नेहमीच्या सवयीने आवळला की आटे जातात. लहान बोल्टाला लांब दांड्याचा पाना लावू नये, असे जुने कारागीर सांगतात, त्याचे गणित हे असे आहे.

काढण्याच्या कामाला आरंभ धुण्यापासून करावा. स्क्रूच्या खाचेत माती असेल तर स्क्रू-ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही, निसटतो आणि खाच खातो. किल्ली काढून घ्यावी. इंजिन व नळी थंड होऊ द्यावी. सीट काढल्याशिवाय बाजूची आवरणे सुटत नाहीत अशी रचना अनेक गाड्यांत असते. तेव्हा प्रथम सीट. नंतर एका जाड पुठ्ठ्यावर आवरणाची ओबडधोबड आकृती काढावी आणि जो स्क्रू जेथून निघाला तेथेच तो पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. हल्ली मोबाइलवर छायाचित्र घेतात, तेही उत्तम. पण छायाचित्रात स्क्रूची लांबी कळत नाही, आणि घोटाळा लांबीतच होतो. दिसायला सारखे दोन स्क्रू घ्या, एक १२ आणि दुसरा २० मिलिमीटरचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर त्याचे टोक आतील वायरींच्या जुडग्यात घुसू शकते. गाडी त्या दिवशी चालते. वायरीचे आवरण थरथरीने घासत घासत कापले जाते आणि एखाद्या पावसाळी रात्री दिवा जातो. त्यावेळी त्या स्क्रूची आठवण कोणालाही होत नाही.

चौफुलीची खाच असलेला स्क्रू काढताना फिरविण्यापेक्षा दाबणे अधिक महत्त्वाचे. बळाचे तीन हिस्से दाबण्यात आणि एक फिरविण्यात घालावा. खाचेला नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर हवा. जपानी घाटाच्या गाड्यांतील चौफुली नेहमीच्या चौफुलीहून थोडी निराळी असते, म्हणून तेथे साधे टोक वर चढते. गंजलेल्या स्क्रूवर झिरपणारे तेल सोडून थांबावे. थांबणे हाही कामाचाच भाग आहे. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत आणि सोडविण्यापूर्वी एकदा अंशभर आवळून पाहावे. गंजाची पकड बहुतेक तेथेच मोडते. पेट्रोलची टाकी जवळ असताना ज्योतीने तापविण्याचा विचारही करू नये.

सर्व स्क्रू निघाले तरी आवरण हलत नाही, असा प्रसंग हमखास येतो. अशा वेळी हिसका देण्याचा मोह आवरावा. जोर लावावा लागतो आहे याचा अर्थ बहुधा एवढाच की, एखादा स्क्रू सीटखाली अथवा चिखलाखाली राहिला आहे, किंवा आवरण चुकीच्या दिशेने ओढले जात आहे. आवरणाच्या पाठीला खुंट्या असतात व त्या सांगाड्यावरील रबरी कड्यांत रुतलेल्या असतात. त्या सरळ बाहेर येतात. तिरप्या ओढल्या की मोडतात. काही ठिकाणी खुंटीऐवजी आकडा असतो, तेथे आवरण आधी पुढे अथवा मागे सरकवावे लागते. प्लास्टिकचे दाबखिळेही आढळतात. त्यांच्या मधला टिकला काहींत आत दाबायचा असतो, काहींत वर उचलायचा. पक्कड घेण्यापूर्वी तो न्याहाळावा. शेवटी आवरण हाती आले तरी लगेच दूर नेऊ नये. वळणदर्शक दिव्याची वायर त्याला जोडलेली असण्याचा संभव असतो. जोडणीची चाप दाबून ती सोडवावी. वायर धरून ओढू नये.

मोडलेल्या खुंटीची किंमत घरातील माणसांना कळते. एका खुंटीसाठी संपूर्ण आवरण विकत घ्यावे लागते, आणि ते परवडले नाही तर तारेने बांधलेले आवरण घाट उतरताना फडफडत राहते. सुटून ते चाकात अडकले, तर प्रश्न पैशांचा उरत नाही.

बसविताना आधी सर्व भोके व रबरे पुसून घ्यावीत. रबर कडक झाले असेल तर त्याला साबणाचे पाणी लावावे. पेट्रोल किंवा खनिज तेल लावल्यास कित्येक जातींचे रबर फुगून निकामी होते. आट्यांवर लावावयाचा चिकट द्रवही प्लास्टिकजवळ नको. काही जातींच्या प्लास्टिकला त्याने चिरा पडतात. वायर प्रथम जोडावी, नंतर खुंट्या रबरांसमोर आणून तळहाताने एकेक दाबावी. कोणताही बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी सर्व बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे लावून घ्यावेत. पहिलाच आवळून टाकला तर शेवटचे भोक समोर येत नाही, आणि तो शेवटचा स्क्रूच मग 'उरतो'. प्लास्टिकमध्ये थेट शिरणारा स्क्रू असेल तर तो आधी उलटा, म्हणजे डावीकडे, हलकेच फिरवावा. टिक् असा बारीक धक्का लागला की जुना आटा सापडला. आता उजवीकडे फिरवावे. असे न केल्यास स्क्रू प्रत्येक वेळी नवा आटा कापतो, आणि चार-पाच वेळांत तेथे भुसा उरतो.

गंजाबद्दल थोडे. बोल्टावरील चकाकी बहुधा जस्ताची असते. जस्त स्वतः झिजून आतील लोखंड राखते. ते संपले की तांबूस डाग दिसू लागतात, तेव्हा बोल्ट बदलावा. न गंजणाऱ्या पोलादाचा बोल्ट घालण्याची हौस अनेकांना असते. परंतु अॅल्युमिनियमच्या भागात तो पावसाळ्यात कोरडा घातला, तर दोन धातू व पाणी मिळून लहानशी विद्युत्-घटमालाच तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. तेथे आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि हात हलका ठेवावा.

सारे झाल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहावे. दिवे, हॉर्न व वळणदर्शक तपासावेत. आवरणावर बोटांनी टकटक करून खडखड ऐकावी. पुठ्ठा रिकामा झालेला असावा. पहिल्या लांब फेरीनंतर, रबरे जागी बसली म्हणजे, प्रत्येक बोल्टाला पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. त्यातील एखादा पाव फेरा घेतोच.