परसातले कासवतळे

परसात कासवांसाठी बांधलेली तळी फसतात ती बहुतेक दोन कारणांनी. एक तर कासव कुंपण ओलांडून निघून जाते, किंवा तळ्यातले पाणी कुजते. खड्डा खणणे, त्यात रबरी अस्तर पसरणे आणि पाणी सोडणे ही शनिवार-रविवारची कामे. कुंपणातली आणि पाण्यातली चूक मात्र पहिल्या जोरदार पावसात किंवा पहिल्या कडक उन्हाळ्यात उघडी पडते आणि तेव्हा दुरुस्तीसाठी सगळे तळे रिकामे करावे लागते. ऑस्ट्रेलियात हा छंद जोपासणाऱ्यांच्या अनुभवाचे सार असे : आधी परवाना, मग जागा, कुंपण आणि फिल्टर, आणि कासव सर्वांत शेवटी.

जात आणि परवाना

परसातल्या तळ्यांत मुख्यतः दोन जातींची कासवे दिसतात. लांब मानेचे ‘ईस्टर्न लाँग-नेक्ड टर्टल’ मांसाहारी असते. त्याचे कवच साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. जमिनीवरून एका पाणवठ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची त्याची उपजत सवय आहे. घाबरले की ते अतिशय दुर्गंधीयुक्त द्रव सोडते. दुसरे मरे नदीच्या खोऱ्यातले आखूड मानेचे ‘मरे रिव्हर टर्टल’. ते आकाराने थोडे मोठे होते, मांसाबरोबर पाणवनस्पतीही खाते आणि ऊन खात बसायला त्याला आवडते. दोन्ही जाती मान कवचात सरळ मागे न ओढता बाजूला दुमडतात. दोन्ही कित्येक दशके जगतात, त्यामुळे मुलांच्या हट्टापायी आणलेले कासव मुले घर सोडून गेल्यावरही परसात असणार, हा हिशेब आधीच करावा लागतो.

हे देशी वन्यप्राणी असल्याने न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड या राज्यांत ते पाळण्यासाठी परवाना लागतो. नियम राज्यागणिक बदलतात. कासव घ्यायचे ते परवानाधारक पाळणाऱ्याकडून किंवा विक्रेत्याकडूनच. ओढ्यातून किंवा रस्त्यावरून उचलून आणणे बेकायदा आहे. भारतातून आलेल्या कुटुंबांचा येथे हमखास गोंधळ होतो. भारतात देशी कासवे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात आणि दुकानांतून विकले जाते ते लाल कानपट्टीचे अमेरिकी ‘रेड-इअर्ड स्लायडर’. ऑस्ट्रेलियात नेमके उलट आहे. देशी कासव परवाना घेऊन पाळता येते, पण स्लायडर हा उपद्रवी परकी प्राणी ठरल्यामुळे तो बाळगणेच गुन्हा आहे.

जागा

कासवाला हाडे आणि कवच मजबूत राहण्यासाठी उन्हातले अतिनील किरण थेट मिळावे लागतात. काच ते अडवते. त्यामुळे तळ्यावर रोज काही तास, शक्यतो सकाळचे, ऊन यायला हवे. दुपारी मात्र निम्म्या पाण्यावर तरी सावली असावी. ॲडलेडमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ४६.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दिवशी उघड्यावरचे उथळ टब कासवाला उकडून मारतात. सावलीसाठी निलगिरीच्या बुंध्याशी तळे खणणे हाही उपाय नव्हे. पानांचा खच पंपात अडकतो आणि मुळे अस्तर फोडतात. परसाचा सर्वांत सखल कोपराही टाळावा, कारण हिरवळीवर मारलेली खते आणि कीटकनाशके पावसाच्या पाण्याबरोबर तिथेच येतात.

खणण्यापूर्वी जमिनीखालच्या गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांची माहिती ‘बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया’ या सेवेकडून मोफत मिळते. ३०० मिलिमीटरपेक्षा खोल पाणी मावणाऱ्या पोहण्याच्या तलावांना ऑस्ट्रेलियात संरक्षक कुंपण सक्तीचे आहे. शोभेच्या तळ्यांचे नियम वेगळे असले तरी स्थानिक कौन्सिलकडे विचारणा केल्याशिवाय फावडे उचलू नये. घरात लहान मूल असेल तर कायदा काहीही म्हणो, तळ्याला कुलूपबंद फाटक हवेच.

खड्डा आणि अस्तर

दोन-तीन प्रौढ कासवांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर खोल तळे सोयीचे पडते. रबरी अस्तराची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी आणि काठावर दाबण्यासाठी दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर धरावेत. वरच्या मापाला ५.२ मीटर बाय ४.२ मीटरचे अस्तर लागते. कडा उभ्या सरळ धरल्या तर या तळ्यात ४,८०० लिटर पाणी मावेल. उतार सोडल्यावर प्रत्यक्षात ते बरेच कमी भरते. पंप आणि औषधांचे प्रमाण प्रत्यक्ष भरलेल्या पाण्यावरून ठरते, म्हणून पहिल्यांदा भरताना मीटरवर लिटर मोजून लिहून ठेवावेत.

अस्तराखाली वाळूचा थर किंवा जाड जुने गालिचे घालावेत, नाहीतर दगडाचे टोक वर येते. सिमेंटचे तळे केले तर नव्या सिमेंटमधला चुना पाणी अल्कधर्मी करतो; आतून तळ्यासाठीचा रंग लावून, अनेकदा पाणी बदलून मगच ते वापरात आणावे. एका बाजूला खरखरीत, सौम्य उतार आणि पाण्याबाहेर कोरडा ओंडका हवा. गुळगुळीत अस्तरावरून कासवाला वर चढता येत नाही आणि धडपडून थकलेले कासव बुडूही शकते. काठाला जाळी लावलेली सांडव्याची नळी ठेवावी. ती नसेल तर मुसळधार पावसात तळे भरून वाहते आणि पाण्याबरोबर कासवही कुंपणाच्या फटीपर्यंत पोहोचते.

मादीला अंडी घालण्यासाठी मऊ मातीचा किंवा वाळूचा उन्हातला वाफा लागतो. नर सोबत नसला तरी तिच्या पोटात अंडी धरतात. जागा न मिळाल्यास ती अडकून मादी दगावू शकते.

कुंपण

कासव हळू चालते या समजुतीवर विसंबून बांधलेले कुंपण टिकत नाही. लांब मानेचे कासव तारेच्या जाळीत नखे अडकवत शिडीसारखे चढते. कोपऱ्यात ते एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला पाय टेकवून वर सरकते, कडेवर पोट ठेवते आणि पलीकडे पडते. म्हणून जाळीऐवजी गुळगुळीत पत्रा वापरावा. तो जमिनीवर किमान अर्धा मीटर आणि जमिनीत ३० सेंटिमीटर असावा, वरची कड आत वळवलेली असावी आणि कोपऱ्यांवर पत्र्याची झाकणे बसवावीत. फाटकाखालची फट विसरली जाते. बहुतेक कासवे तिथूनच निसटतात.

कुंपणाला बाहेरचा शत्रूही अडवायचा असतो. मरे नदीकाठच्या अभ्यासांत कोल्ह्यांनी कासवांची ९० टक्क्यांहून अधिक घरटी उकरून खाल्ल्याचे आढळले आहे आणि शहरांच्या उपनगरांतही कोल्हे सर्रास फिरतात. कावळे, बगळे आणि कुकाबुरा पिल्ले उचलतात. कवच १० सेंटिमीटरचे होईपर्यंत पिल्ले घरातल्या टाकीतच वाढवावीत.

पाणी

कासवाची घाण माशांपेक्षा कितीतरी जास्त असते. तिच्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तळे भरल्या दिवशीच कासवे सोडण्याची घाई इथे अंगाशी येते. पाणी नितळ दिसते, पण चाचणीत अमोनिया वाढत जातो आणि कासवांचे डोळे व कातडी चुरचुरू लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय कासव पाण्यात सोडू नये. पंप तासाभरात सगळे पाणी एकदा फिरवणारा असावा आणि फिल्टर तेवढ्याच पाण्यातल्या माशांसाठी लागतो त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. तो तळ्याच्याच पाण्यात पिळून काढावा.

ऑस्ट्रेलियातल्या अनेक ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते. ते क्लोरीनसारखे रात्रभर बादलीत ठेवून उडून जात नाही, त्यासाठी औषधच वापरावे लागते. विजेची कायम जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, सेफ्टी स्विचसह करून घ्यावी. ऑस्ट्रेलियात ती घरच्या घरी करणे कायद्यानेही मना आहे.

पंचगंगेत किंवा मुळा-मुठेत पसरलेली जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती तळ्यात का नको हे सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातही ती घोषित तण आहे. तिच्याऐवजी व्हॅलिस्नेरिया लावावी. डासांसाठी गॅम्बुझिया मासे सोडू नयेत. तो इथे उपद्रवी मासा मानला जातो. पॅसिफिक ब्लू-आयसारखे देशी मासे अळ्या खातात, मात्र कासवेही अधूनमधून हे मासे खातात.

आहार आणि ऋतू

नुसता खिमा घालणे ही सर्वांत नेहमीची चूक. त्यात कॅल्शियम फार कमी असते आणि वाढत्या कासवाचे कवच मऊ पडते. अख्खे छोटे मासे, कोळंबी, गांडुळे, किडे आणि आखूड मानेच्या कासवाला पाणवनस्पती असा मिश्र आहार हवा. लांब मानेचे कासव पाण्यातच गिळते, त्यामुळे अन्न कोरड्या काठावर ठेवून उपयोग नाही. उरलेले अन्न तासाभरात काढून टाकावे.

जून ते ऑगस्ट हा इथला हिवाळा. मेलबर्न आणि कॅनबरात पाणी १५ अंशांखाली गेले की कासवे खाणे सोडून सुस्तावतात. काही पाण्याच्या तळाशी, तर काही पालापाचोळ्याखाली दडून बसतात. या काळात खाऊ घातल्यास ते पोटात कुजते. पालापाचोळा साफ करण्यापूर्वी हाताने चाचपावा. थंडीआधी वजन करून नोंदवावे आणि वसंतात पुन्हा करावे. सुजलेले डोळे, पोहताना एका बाजूला कलणे, तोंडाशी बुडबुडे किंवा कवचावरचे मऊ, वास येणारे डाग दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे लगेच जावे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. तळ्यात हात घातल्यावर साबणाने धुवावेत आणि फिल्टर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नये.

नको झालेले कासव

कासव सांभाळणे अशक्य झाले तर ते दुसऱ्या परवानाधारकाकडे द्यावे किंवा राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवावे. ओढ्यात सोडल्यास काय बिघडू शकते हे न्यू साउथ वेल्समधल्या बेलिंजर नदीवरून दिसते. फक्त त्याच नदीत आढळणारी कासवांची एक जात २०१५ मध्ये विषाणूच्या साथीत जवळजवळ संपली. काही आठवड्यांत ४००हून अधिक मृत कासवे सापडली. उरलेल्यांचा संकर आता त्या नदीत माणसाने आणून सोडलेल्या आखूड मानेच्या कासवांशी होत आहे. आजारी न दिसणारे पाळीव कासवही रोग वाहून नेऊ शकते. त्यामुळे कासव सोडून देण्याचा पर्याय तळ्याच्या आखणीत कधीच धरायचा नसतो.